चौथ्या गुंडाळीतली साक्ष

रोडस
मेतागेइत्निओन, शुद्ध पंचमी

लिओदामसकडून धाकट्या बहिणीला, फिलिन्नाला: आनंदात राहा.

पोचलो एकदाचा. चार दिवसांचा प्रवास सहा दिवस चालला. वारा आडवा, आणि मेनेस्त्रातोसची जीभ त्याहून आडवी. आपल्या शिष्टमंडळाचा तो म्होरक्या, तेव्हा जहाजावर सावली त्याची, उशी त्याची आणि बोलणंही त्याचंच. "काका, काळजीच सोडा," म्हणतो, "आखेर्दाची टेकडी आपलीच. ड्रिमोसवाल्यांकडे आहे काय? चार मेंढपाळ आणि आरडाओरडा. आपल्याकडे इतिहासकार आहे!" आणि पाठीत अशी थाप मारतो की दात हलावेत. मला राहिलेत किती ते तुला माहीत आहे.

थाप खाऊन मी गप्प बसतो. का बसतो ते इथे कोणाला सांगता येत नाही, म्हणून तुला लिहितोय.

ती पेटी आठवते? निघताना सभेने माझ्या 'मेलानेच्या इतिहासा'च्या नऊच्या नऊ गुंडाळ्या आखाड्यातल्या पुस्तकांच्या फळीवरून उतरवल्या, पेटीत भरल्या, गावाचा शिक्का मारला आणि बासऱ्या वाजवत बंदरावर आणल्या. टेकडीचा वाद मिटवणाऱ्या रोडसच्या पंचांपुढे पुरावा म्हणून ठेवायला. बायकांनी पेटीवर फुलं टाकली. तूही टाकलीस.

फिला, त्या गुंडाळ्या चाळीस वर्षं त्या फळीवर आहेत. पहिली बोटं लागून काळी झालीय, कारण तिच्यात प्रत्येकाच्या खापरपणजोबाचं नाव आहे. दुसरीपासून पुढे कोणी दोरासुद्धा सोडलेला नाही. माझी गाठ मी ओळखतो. गावाने मला पानांचा मुकुट दिला, नाटकाला पहिल्या रांगेत बसवलं, सगळं केलं, फक्त वाचलं नाही. आणि आता न वाचताच पंचांच्या हातात देताहेत.

चौथ्या गुंडाळीत काय आहे ते तुला ठाऊक आहे. तूच मला सांगितलं होतंस. आपल्या आजोबांच्या आजोबांच्या वेळी भूकंप झाला, मेलानेचे झरे आटले, तेव्हा ड्रिमोसच्या लोकांनी आखेर्दाची टेकडी झऱ्यासकट आपल्याला वापरायला दिली. आपले झरे परत येईपर्यंत. झरे तीन वर्षांत परत आले, टेकडी काही परत गेली नाही. दरवर्षी आपली एक बाई त्या झऱ्याच्या पाण्याचा हंडा ड्रिमोसच्या हेरा देवीच्या देवळात नेते, ती नुसती पूजा नाही, टेकडी कोणाची याची आठवण आहे. असं मी उघड लिहून ठेवलंय. तरुण होतो, हात शिवशिवत होते.

पंच बसणार बोएड्रोमिओनच्या अमावास्येला. तुझं घर, तुझ्या लीकोनची मेंढरं, सगळं त्या टेकडीवर. मला एका जागी बसवत नाही. बंदराच्या धक्क्यावर इकडून तिकडे फेऱ्या घालतो, तर हमाल म्हणतात, म्हाताऱ्याचं काही हरवलंय.

काय करू ते सांग. तब्येत सांभाळ.


आखेर्दा
मेतागेइत्निओन, पौर्णिमा

फिलिन्नाकडून दादाला: आनंदात राहा म्हणायची सोय तू ठेवली नाहीस.

पत्र आलं तेव्हा मी चीज पिळत होते. ओल्या हातानेच वाचलं. गाव तुला चाळीस वर्षं न वाचता थोर म्हणतंय, हे वाचून आधी हसले. इतकी हसले की सून बघायला आली. मग तिथेच खाली बसले.

दादा, यात विचारायचं काय आहे? काढून टाक. गुंडाळी म्हणजे काय, पानाला पान चिकटवलेलं. पाण्याने ओलं करून ते एक पान सोडव, दोन्ही बाजूंची टोकं जुळव, खळ लाव. उसवून पुन्हा शिवलेला अंगरखा कोण उलटून बघतं? तू आता लांब चेहरा करून 'इतिहास' म्हणशील. या घरात इतिहास राहत नाही, मी राहते. लीकोनने यंदा नवा गोठा बांधलाय. त्याचे बाबा झऱ्याच्या वरच्या अंगाला पुरलेत. ड्रिमोसवाले आल्यावर मी त्यांना काय सांगू, की माझा भाऊ फार प्रामाणिक आहे?

आणखी एक. काल सभेचा माणूस वर आला होता. घाम पुसत म्हणतो, "आजी, यंदा हंडा न्यायचा नाही." म्हटलं, का रे बाबा? "पंचांचं लक्ष आहे. उगाच त्यांच्या देवळात आपलं पाणी कशाला?" म्हणजे पुस्तक वाचलं नसलं तरी कुठे पाणी मुरतंय ते त्यांना माहीत आहे. बारा वर्षांची असल्यापासून मी तो हंडा नेतेय. एक्कावन्न वर्षं. ज्या वर्षी नवरा गेला त्या वर्षीसुद्धा नेला. त्या माणसाला मी दही दिलं आणि परत पाठवलं.

पान काढ. आणि काढलंस की लगेच कळव.


रोडस
बोएड्रोमिओन, शुद्ध द्वितीया

लिओदामसकडून फिलाला: आनंदात राहा.

पान काढणं दूरच, पेटीला हात लावता येत नाही. मेनेस्त्रातोस तिच्यावर पाय ठेवून जेवतो. मी म्हटलं, जरा ऊन दाखवू, कसर लागेल. म्हणाला, "काका, शिक्का पंचांपुढेच फुटणार. तुमच्या अक्षरावर माशी बसू देणार नाही!" आणि पुन्हा थाप.

खरी गोष्ट पुढे आहे. परवा बाजारात एका माणसाने मला थांबवलं. टक्कल, तिरळा डोळा, फार अदबीने बोलणारा. म्हणाला, "तुमच्या चौथ्या गुंडाळीतलं भूकंपाचं वर्णन मी दरवर्षी एकदा वाचतो. कोंबड्या आदल्या दिवशीच झाडावरून उतरेनात, ते." फिला, मला आनंद झाला. लाज वाटते सांगायला, पण आधी आनंदच झाला. मग विचारलं, आपण कोण? तर ड्रिमोसचा वकील, आर्खिप्पोस. तरुणपणी आपल्या आखाड्यात दोन दिवस बसून त्याने ते पान उतरवून घेतलं होतं, आणि माझ्यासारखीच गाठ मारून ठेवली होती. आयुष्यात एक खरा वाचक भेटला, तोही समोरच्या बाजूचा.

त्याच्याकडचा उतारा पुरावा धरत नाहीत. म्हणून तो मूळ गुंडाळी उघडायला लावणार. मग पंच मला विचारणार, हे तुला कोणी सांगितलं?

चार दिवस मी एकच विचार करतोय. तू तेव्हा बारा वर्षांची होतीस. टेकडीवरच्या दगडांना नावं ठेवून त्यांची लग्नं लावायचीस, मला वऱ्हाडी म्हणून बसवायचीस. हंड्याची ही गोष्टही तूच रचली होतीस का? रचली असशील तर एक ओळ लिही. 'रचली होती', एवढंच. मग मी बिनघोर सांगेन की माझा आधार कच्चा होता. पुस्तकाचं काय व्हायचं ते होईल. आणि खरी असेल तर तसं लिही, मी तसं सांगेन.

उत्तर अमावास्येच्या आत पोचायला हवं. तब्येत सांभाळ.


आखेर्दा
बोएड्रोमिओन, शुद्ध द्वादशी

फिलिन्नाकडून दादाला.

वा रे दादा! उचलला हंडा आणि ठेवला माझ्या डोक्यावर. पुस्तक तू लिहिलंस, मुकुट तू घातलास, आणि आता खरं की खोटं ते मी ठरवायचं.

वर एक ओळ खोडलेली दिसतेय ना? ती तीच आहे. लीकोन समोर उभा होता. "आई, लिही की. दोन शब्द तर आहेत. आणि दगडांची लग्नं लावायचीसच ना तू?" सून नुसती भांडी घासत राहिली, तेच जास्त लागलं. मी लिहिलं. शाई वाळेपर्यंत बघत बसले आणि मग खोडलं. सुखासुखी खोडलं नाही. घर जाईल हे डोळ्यांपुढे ठेवून खोडलं.

मी रचलं नव्हतं, दादा. मला आईने सांगितलं, तिला तिच्या सासूने. टेकडीवरच्या बायकांमध्येच हे चालत आलंय. पुरुषांच्या सभेत आम्हाला कोण उभं करतं? बायकांची साक्ष पंच घेत नाहीत. आमच्याकडे हा हंडा आहे आणि तुझी चौथी गुंडाळी. तिसरं काही नाही.

आणि तेव्हा एक गोष्ट तुझ्यापासून लपवली होती, कारण शपथ होती. आता सांगते, पण पंचांना सांगू नकोस, ही फक्त तुझ्यासाठी. देवळाच्या पायरीवर हंडा उतरवला की नेणारी म्हणते, "तुमचं आहे, आमच्याकडे आहे." आणि घेणारी म्हणते, "असू द्या." एवढंच. दोनशे वर्षं एवढंच. बारा वर्षांच्या पोरीला हे सुचलं असतं का?

परवा मी गेले. दिवसाढवळ्या, हमरस्त्याने. सभेचा माणूस आडवा आला, "आजी, नाही म्हटलं होतं ना!" म्हटलं, हंडा माझ्या आईचा आहे आणि पाय माझे आहेत, तुमच्या सभेचं यात काय आहे? तो बाजूला झाला. वाटेत तीनदा बसले. ड्रिमोसची नीको, हल्ली तीच पाणी घेते, पायरी झाडून बसली होती. तिच्याही कानावर आलं होतं की यंदा हंडा नाही, तरी झाडून बसली होती. म्हणाली, "आलीस?" म्हटलं, "गुडघे येत नव्हते, मी आले." मग मी शब्द म्हटले. तिने तिचे म्हटले. नंतर तिने मला मधाची वडी दिली आणि आम्ही दोघी तिथेच बसून रडलो. उद्या तिचे लोक माझ्या घरात येतील आणि रडतोय आम्ही दोघी.

तर खरं आहे. तसंच सांग. लीकोनला मी समजावेन, शिव्या खाईन. सांगताना मान खाली घालू नकोस.


रोडस
बोएड्रोमिओन, वद्य चतुर्थी

लिओदामसकडून फिलाला: आनंदात राहा. घर राहिलं.

आधी तेच सांगतो म्हणजे पुढचं वाचशील. आखेर्दाची टेकडी झऱ्यासकट मेलानेची, असा निवाडा परवा झाला. हिवाळ्यासाठी जहाजं बंद व्हायच्या आत उरकायचं म्हणून पंच पौर्णिमेलाच बसले. तुझ्या उत्तराची वाट बघायला सवड मिळाली नाही.

आर्खिप्पोसने चौथी गुंडाळी मागितली. मेनेस्त्रातोस हसत उठला, म्हणाला, एकच का, नऊही वाचा! शिक्का फुटला. वाचणाऱ्याचा आवाज चांगला होता. कोंबड्यांपर्यंत मेनेस्त्रातोस मान डोलावत होता. मग टेकडी आली. तो माझ्याकडे वळला. अशा नजरेने कोणी कोणाकडे बघू नये.

वाचन चालू असेपर्यंत बोलण्याची वेळ मोजणाऱ्या घटिकापात्राचं भोक बुजवून ठेवतात. ते पाणी पुन्हा ठिबकायला लागलं तेव्हा वडील पंचाने मला उभं केलं.

"आपण हे स्वतः पाहिलंत?"

"नाही."

"कोणी सांगितलं?"

"बहिणीने."

"तिचं वय तेव्हा?"

"बारा."

मागे कोणीतरी खुदकन हसलं. पंचाने विचारलं, "मुलगी कशी होती? खरं बोलणारी?"

तुझं घर डोळ्यांपुढे आलं, फिला. नवा गोठा, जो मी पाहिलेलाही नाही. मी म्हणालो, "तिला गोष्टी रचायची आवड होती. टेकडीवरच्या दगडांची लग्नं लावायची."

सगळे हसले. एकटा आर्खिप्पोस हसला नाही.

यातला प्रत्येक शब्द खरा आहे. मी शपथेवर एकही खोटा शब्द बोललो नाही. उभा जन्म खरं नीट मांडायला शिकलो, ते सगळं त्या एका खोट्यासाठी उपयोगी पडलं. मेनेस्त्रातोसने बाहेर आल्यावर मला मिठी मारली. म्हणाला, "काका, काय घाबरवलंत!" त्याला वाटतं, आम्ही हे ठरवूनच केलं.

पत्र बंद करत होतो तेवढ्यात तुझं पत्र आलं. खोडलेली ओळ पाहिली. नीकोची मधाची वडी वाचली. मंडळी उद्या निघताहेत. मी त्यांच्याबरोबर येत नाही.


रोडस
आन्थेस्तेरिओन, शुद्ध नवमी

लिओदामसकडून फिलाला.

समुद्र उघडला. हे पहिल्या जहाजाने पाठवतोय. तुझी एक ओळही आली नाही. हिवाळ्याचं कारण मी स्वतःला सांगत होतो, पण निवाड्यानंतर दोन जहाजं तिकडून आली होती, मी धक्क्यावर उभा होतो.

इथे मुलांना अक्षरं शिकवतो. एक पुस्तकवाला माझ्या इतिहासाची नक्कल करून घेणार होता, त्याने कळवलं की ज्याचा लिहिणाराच आपला आधार कच्चा सांगतो ते पुस्तक कोण घेईल. बरोबर आहे त्याचं. माझ्याकडे प्रत नाही. पेटीतली होती ती एकच. दुसरी कोणी कधी मागितली नव्हती.

आर्खिप्पोस परतण्याआधी भेटायला आला होता. मला वाटलं थुंकेल. म्हणाला, "मी उतरवून घेतलेलं पान जपून ठेवणार आहे. तुम्ही त्याला सोडलंत तरी मी सोडलेलं नाही." मी त्याला बसायलाही सांगितलं नाही.

शिव्या दे, पण लिही.


आखेर्दा
आर्तेमिसिओन, शुद्ध तृतीया

फिलिन्नाकडून लिओदामसला.

हो, दोन जहाजं गेली. मुद्दामच लिहिलं नाही. हाताशी ज्या शिव्या होत्या त्या तुला पुरल्या नसत्या.

घर आहे. गोठा आहे. यंदा सत्तावीस कोकरं झाली. आणि झऱ्यावर बायका विचारतात, "फिलिन्ना, आज कोणत्या दगडाचं लग्न?" सभेने ठराव केला की हंडा बंद, कारण ती एका लबाड पोरीने रचलेली गोष्ट होती, असं खुद्द तिच्या भावाने रोडसला सांगितलं. चावडीवर वाचून दाखवलं. मी त्रेसष्ट वर्षांची आहे, दादा. घर राखलंस आणि त्यात राहणारीला खोटी ठरवलंस. तुझं प्रेम कळलं मला. म्हणून राग कमी होत नाही, उलट कुठे ठेवू ते समजत नाही. दिवसातून दहा वेळा दारात जाते आणि परत येते.

हंडा मी शरदात नेणारच आहे. माझ्यानंतर सून नेईल. काल तिनेच विचारलं, हंडा केवढा जड असतो.

आता दुसरं ऐक. तुझ्या गुंडाळ्या पेटीतून परत आल्या. मेनेस्त्रातोस म्हणाला, हे घरात साप ठेवण्यासारखं आहे, आता आपण जिंकलोय, पुन्हा कोणी वाचायला नको. आखाड्याच्या राखणदाराने त्या खारवलेली मासळी विकणाऱ्या ग्लाव्कोसला देऊन टाकल्या. मला कोणी सांगितलं नाही. बाजाराच्या दिवशी मी चार बांगडे घेतले, घरी येऊन पुडी सोडली, तर आत तुझं अक्षर.

तेव्हापासून आम्ही मासळीच खातोय. लीकोन वैतागला, "आई, डोंगरावर राहून रोज मासे कशाला?" मी आधी पुडीचं पान बघते आणि मग मासा निवडते. ग्लाव्कोस म्हणतो, आजीला वास आवडायला लागला. त्याला सांगितलं तर देईल सगळं, पण मग सभेला कळेल. सून ते तुकडे हलक्या हाताने धुते आणि चीजच्या जाळीवर, सावलीत वाळत घालते. काल मोजले, एकोणतीस झाले. एकात मधमाश्या गाव सोडून गेल्या ते आहे. एकात कोणाचं तरी अर्धं नाव. एकावर फक्त 'आणि त्या वर्षी' एवढंच, त्या वर्षी काय झालं ते बांगड्याला माहीत.

परवा चौथीतला एक मिळाला. टोकाला खवला चिकटलेला. त्यावर आहे, 'हंडा नेणारी मुलगी वयाने लहान असली, तरी तिने सांगितलेलं मी जसंच्या तसं लिहिलं आहे, कारण मेलानेमध्ये तिच्याइतकी' आणि पुढे फाटलंय.

तू मला चौथी गुंडाळी वाचून दाखवली होतीस, झऱ्याच्या कट्ट्यावर बसून. हे वाक्य वाचलं नव्हतंस. गाळलं होतंस.

तिच्याइतकी काय, दादा? लिहून कळवू नकोस. जहाजं चालू झालीत, इथे ये आणि माझ्या तोंडावर सांग. झऱ्यावर सांग, बायका पाणी भरत असताना. गाव काय म्हणेल ते म्हणू दे, राहायला घर आहे.

तोवर सगळे तुकडे आईच्या पेटाऱ्यात ठेवलेत, मेंढीच्या लोकरीत गुंडाळून. तुमचं आहे, आमच्याकडे आहे.